मायबाउमला लागलेला पाय

आल्टेनमोसमध्ये बघण्यासारखं काही नाही, असं सगळ्यात आधी आल्टेनमोसची माणसंच सांगतात. म्युनिकहून उत्तरेला निघालेली गाडी उंटरश्लाइसहाइमची ऑफिसं मागं टाकून आणखी थोडी पुढं गेली, की एका छोट्या स्टेशनावर दमल्यासारखी थांबते. तेच हे गाव. कांद्याच्या घाटाचा घुमट असलेलं एक चर्च, घुमटाशेजारी करकोच्यांचं घरटं, चर्चपुढच्या चौकात लिंडनचं म्हातारं झाड, एक बेकरी, आगीच्या बंबाची एक शेड, गावाच्या कडेनं गेलेला सरळसोट कालवा आणि चारी बाजूंना मोस. मोस म्हणजे एके काळची दलदल. आता तिथं गवत, बटाटे आणि धुकं पिकतं.

वसुधा आगाशे या गावात आली ती काही बघायला नव्हे. नवऱ्याला, मोहनला, उंटरश्लाइसहाइमच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, तिथलं घरभाडं ऐकून दोघांचे डोळे पांढरे झाले, आणि मग घर शोधत शोधत ती मंडळी इथवर सरकली. तेव्हा लेक स्वराली कडेवर होती. पुण्यात वसुधा शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर एका दमात महाराष्ट्राचा नकाशा काढायची, आणि मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय हे पाठमोरी असतानाही ओळखायची. आल्टेनमोसला तिच्या भूगोलाची काही गरज नव्हती. पहिला हिवाळा तिनं खिडकीत बसून काढला. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि मनात एकच प्रश्न, की आपण इथं नेमकं करतोय काय?

तिला बाहेर काढलं ते खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीनं. फ्राऊ रेझी लेख्नर. वय तेव्हाच पंचाहत्तरीच्या पुढं, आवाज खणखणीत, गुडघे मात्र संपावर गेलेले. गावात हाइमाटफेराइन नावाचं एक मंडळ होतं, गावाचा इतिहास जपणारं. त्या मंडळातर्फे लेख्नरबाई दर रविवारी पाहुण्यांना गाव फिरवून दाखवायच्या. वसंत आला तसं त्यांनी वर येऊन दार वाजवलं आणि म्हणाल्या, "फ्राऊ अगाशे, तुमचा हात मोकळा आहे ना? मला धरायला एक हात लागतो." वसुधाला त्यांचं बव्हेरियन जर्मन निम्मंच कळलं, पण पुढं केलेला हात कळला. त्या दिवसापासून ती लेख्नरबाईंची काठी झाली.

काठीला कान असतात, हे लेख्नरबाईंना माहीत असावं. त्या बोलायच्या आणि वसुधा साठवायची. हा कालवा कुणी खणला? शेजारच्या महालाला विटा पोचवायला इथल्या राजानं खणून घेतला. घरांची जुनी धुराडी इतकी काळी का? कारण लोक मोसमधला काळा चिखल विटांसारखा कापून, वाळवून चुलीत घालायचे. हे ऐकताच वसुधाला आपल्या गोवऱ्या आठवल्या आणि पहिल्यांदा हे गाव तिला थोडं ओळखीचं वाटलं. कुरणात 'कीऽविट' करत उडणारा डोक्यावर तुऱ्याचा पक्षी म्हणजे आपल्या टिटवीची इथली चुलतबहीणच. आणि गावाच्या टोकाची ती सुडेटन गल्ली? महायुद्धानंतर बोहेमियातून हाकलून दिलेली माणसं हातगाड्यांवर संसार लादून इथं आली. गावानं त्यांना दलदलीच्या काठाला जागा दिली, कारण तिथं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. हे सांगताना लेख्नरबाईंचा आवाज उतरायचा. "आम्ही काही फार चांगले वागलो नाही त्यांच्याशी," एवढंच म्हणून त्या पुढं निघायच्या.

वर्षं गेली. लेख्नरबाईंचा श्वास चढला की मधलं एखादं वाक्य वसुधा पुरं करू लागली, मग एखादी गोष्ट, मग अख्खा कालवा. माणसं तिच्याकडे वळून ऐकत उभी राहिली की तिला हातात खडू असल्यासारखं वाटायचं. एरवी या देशात ती मोहनची बायको होती, स्वरालीची आई होती, रांगेतली एक परदेशी बाई होती. कालव्याच्या काठावर ती पुन्हा 'बाई' व्हायची, आणि हा आनंद तिनं कुणापाशी बोलूनही दाखवला नव्हता.

एका गोष्टीची मात्र तिला सवय होईना. फेरी संपली की कुणीतरी हसून विचारायचंच, "तुम्ही कुठल्या?" ती म्हणायची, "इथंच राहते." मग मान तिरकी करून पुढचा प्रश्न, "हो, पण मूळच्या?" वसुधा 'पुणे' म्हणायची आणि त्या क्षणी, इतका वेळ सांगितलेला कालवा, चिखलाच्या विटा आणि टिटवी सगळं आपल्या हातातून काढून घेतल्यासारखं तिला व्हायचं. खरं तर यात जर्मन माणसांचं काही विशेष नव्हतं. पुण्यात जन्मून पुण्यातच वाढली, तरी तिथंही लग्नाकार्यात कुणी आजी भेटली की पहिला प्रश्न हाच, "आगाशे म्हणजे मूळचे गुहागरकडचे ना?" माणूस जिथं असतो तिथला तो कधी नसतोच की काय!

तर २००९ सालच्या वसंतात लेख्नरबाईंच्या गुडघ्यांनी कायमचा राजीनामा दिला. मंडळाची बैठक गावातल्या खाणावळीच्या मागच्या खोलीत भरली. लेख्नरबाईंनी काठी आपटून सांगितलं, "एक मेपासून फेरी वसुधा घेईल." एक मे म्हणजे आल्टेनमोसचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी चौकात मायबाउम उभा करतात. साल काढून गुळगुळीत केलेला, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेला स्प्रूसचा अख्खा सोट, पाचमजली घराएवढा उंच. आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटतात.

मंडळाचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, कास्टनर. बेकरी त्यांचीच. माणूस वाईट नव्हता. स्वरालीला दर शनिवारी फुकट बिस्किट देणारा माणूस वाईट कसा असेल? त्यांनी चष्मा पुसला आणि ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "फ्राऊ अगाशेंना गाव पाठ आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पाहुणे येतात ते इथल्या माणसाकडून गाव ऐकायला. त्या इथं राहतात, हे खरं. पण त्या इथल्या नाहीत." एक तारखेची फेरी आपण स्वतः घेऊ, पुढचं पुढं बघू, असं ठरवून त्यांनी बैठक संपवली. वसुधाच्या नाकावर एरवी कायम राग. त्या दिवशी तो तिथंच बसून राहिला.

"अगं, सोड ना," घरी मोहन म्हणाला. "दे आर लाइक दॅट. वीकेंडला आपण लेकवर जाऊ. आल्झो, तर मग तुला कशाला हवी ही उठाठेव?"

"मला हवी आहे," वसुधा म्हणाली. "गेनाऊ, नेमकी हीच उठाठेव हवी आहे. तुला तुझं ऑफिस आहे ना? मला हे आहे."

मोहन ताटं मांडायला उठला. इतकी वर्षं संसार केल्यावर कुठं थांबायचं एवढं त्याला कळत होतं.

स्वराली गृहपाठावरून डोकं वर न काढता जर्मनमध्ये म्हणाली, "पण ममा, तू तर इथलं काहीच करत नाहीस. गाडीत लोकांच्या बुटांच्या पाया पडतेस." हे तिचं जुनं दुखणं होतं. गाडीत वसुधाचा पाय कुणाच्या बुटाला, बॅगेला लागला, की तिचा हात आपोआप खाली जाऊन त्या वस्तूला लागायचा आणि तिथून स्वतःच्या कपाळाला. समोरचा जर्मन माणूस दचकून बॅग पोटाशी धरायचा, आणि स्वराली खिडकीबाहेर बघत पुटपुटायची, "पाइनलिष!" म्हणजे, लाज आणलीस. वसुधाला ती सवय सुटत नव्हती. सोडावी असं तिला कधी वाटलंही नाही.

पुढची गोष्ट घडली ती एप्रिल संपता संपता, एका पहाटे. बैठकीपासून वसुधाला झोप अशी लागलीच नव्हती. उजाडू लागलं तशी ती उठली, जाकीट चढवलं आणि टिटव्यांची पिल्लं बाहेर पडली का बघायला कालव्याकडे निघाली. मोसवर धुकं उतरलं होतं. चर्चचा घुमट तेवढा वर तरंगत होता, खालचं गाव दिसत नव्हतं.

कालव्याच्या वळणावर तिला माणसं दिसली. चांगले वीसेक तरुण, कुणी चामडी अर्धी विजार घातलेले, कुणी गमबूट. त्यांच्या पायांशी गवतात तो अख्खा मायबाउम आडवा पडला होता. दोन हातगाड्यांवर घालून तो ओढत आणला होता आणि पुढच्या गाडीचं चाक चिखलात रुतलं होतं, म्हणून झाड खाली उतरवून पोरं चाकाशी झटत होती.

आता इथली एक रीत सांगायला हवी. एक मेच्या आधी एका गावानं दुसऱ्या गावाचा मायबाउम पळवायचा, ही बव्हेरियातली मान्यताप्राप्त चोरी आहे. पोलीस तिच्यात पडत नाहीत. झाड गावाच्या पिवळ्या पाटीपलीकडे गेलं की ते चोरांचं. मग ज्यांचं गेलं त्यांनी बियरची पिंपं आणि जेवणाच्या पंगती देऊन ते सोडवून आणायचं, आणि वर वर्षभर टोमणे खायचे. म्हणून आल्टेनमोसची पोरं बंबाच्या शेडमध्ये आळीपाळीनं झाडाची राखण करत. राखण करताना बियर पीत. आणि त्या पहाटे बियरनं आपलं काम चोख केलं होतं. शेडमध्ये राखणदार घोरत होते आणि शेजारच्या निडरबाखची पोरं झाड घेऊन पाटीच्या दिशेनं निघाली होती.

वसुधाला चोरीची रीत ऐकून माहीत होती. पण धुक्यात चेहरे दिसेनात, आणि अर्धी विजार सगळ्या गावांत सारखीच. ही आपलीच पोरं, झाड रंगवायला कुठंतरी नेत असतील, असं ती धरून चालली. तिनं मोठ्यानं "ग्र्यूस गॉट!" असा इथला रामराम केला. पोरं जागच्या जागी थिजली.

लाल केसांच्या एका दांडग्यानं घसा साफ करून विचारलं, "पुढं पाटीपाशी कुणी आहे का हो?"

"कुणी नाही," वसुधा मदतीच्या सुरात म्हणाली. "रस्ता मोकळा आहे. पण पाटीच्या अलीकडे डाव्या अंगाला खड्डा आहे हं. पुन्हा चाक रुतेल. उजवीकडून घ्या."

चोरांना इतकी चांगली वाट आजवर कुणी दाखवली नसेल. "फार उपकार झाले," असं म्हणून लाल केसवाल्यानं टोपी काढली. वसुधा समाधानानं पुढं निघाली. वाट अडवून पडलेल्या झाडाच्या निमुळत्या टोकाकडून तिनं पाय पलीकडे टाकला, आणि ओल्या गवतावरून घसरून तिच्या बुटाचं टोक झाडाला लागलं.

लागलं तर लागलं. पण हात कुठं ऐकतोय? ती वाकली, झाडाला उजवा हात लावला, कपाळाला लावला, आणि सरळ होऊ लागली.

"हात लावला!" मागून कुणीतरी ओरडलं. "तिनं हात लावला!"

पोरांमध्ये एकदम गलका झाला. कुणी टोपी आपटली, कुणी कपाळावर हात मारून घेतला. वसुधाला कळेना, आपण काय मोडलं. मग त्यांच्या भांडणातून तिला एकेक उमगत गेलं. ही पोरं निडरबाखची होती. ही चोरी होती. आणि रीतीचं एक कलम लेख्नरबाईंनी पोरखेळ म्हणून तिला कधी सांगितलंच नव्हतं. झाड पाटी ओलांडेपर्यंत गावातल्या एकाही माणसानं त्याला हात लावला, तर चोरी तिथंच फसली. झाड जागेवर सोडायचं आणि परत फिरायचं. निकाल मात्र पहिल्या हातावरच, मागून आलेला दुसरा हात चालत नाही.

"छे, छे," लाल केसवाला तेवढ्यात म्हणाला. "ही कशी चालेल? गावातल्या माणसाचा हात लागतो. ही इथली नाही. उचला रे!"

ही इथली नाही. तेच वाक्य. खाणावळीच्या मागच्या खोलीत ते सौम्यपणे म्हटलं गेलं होतं, म्हणून गिळावं लागलं होतं. इथं मोकळ्या रानात, गमबुटातल्या पोराकडून ते ऐकताच वसुधाच्या नाकावरचा राग उठून उभा राहिला. ज्या पोरांना आपण खड्डा दाखवला, ती पोरं आपल्याच तोंडावर हे म्हणतात! तिनं वाकून झाडावर दोन्ही हात घट्ट दाबले. त्यावर बसलीच असती, पण ज्याच्या आत्ताच पाया पडलो त्याच्यावर बसायचं कसं? आणि ती ओरडली. जर्मन वगैरे काही सुचलं नाही. मागच्या बाकावरच्या कार्ट्यांना हाक मारायची त्या पट्टीत, अस्सल मराठीत ओरडली.

"खबरदार! कुणी बोट लावून तर बघा! आमचं झाड आहे ते!"

कालव्यावरची बदकं फडफडत उडाली. वीस दांडगे एक पाऊल मागं सरले.

वरच्या रस्त्यावर एका गाडीचा ब्रेक वाजला. स्टेशनावरच्या दुकानाला ताज्या ब्रेझन, म्हणजे वेटोळे खारे पाव, पोचवायला निघालेली ती बेकरीची गाडी होती. बेकरीवाला सोडून गावात त्या वेळी जागं असणार तरी कोण? हेर कास्टनर कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या हातांनिशी उतार उतरून धावत आले आणि समोरचा देखावा बघून उभेच राहिले. गवतात झाड, भोवती निडरबाखची पोरं, आणि झाडाला दोन्ही हातांनी धरून ओणवी झालेली फ्राऊ अगाशे.

लाल केसवाल्यानं त्यांनाच न्याय विचारला. "हेर कास्टनर, रीतीत तुमचा शब्द शेवटचा. या बाईनं हात लावलाय. पण ही काही तुमच्या गावची नाही. झाड न्यायचं ना आम्ही?"

कास्टनर वसुधाकडे वळले. "तुम्ही काय ओरडलात? दूरवर ऐकू आलं."

"मी म्हटलं, हात लावू नका," वसुधा धापा टाकत जर्मनमध्ये सांगू लागली. "म्हटलं, हे..." आणि ती थांबली. आपण काय म्हटलं ते तिला स्वतःलाच आत्ता ऐकू आलं. 'तुमचं झाड' नाही, 'गावाचं झाड'ही नाही. तिला विचार करायला कुणी वेळच दिला नव्हता, आणि तोंडातून ते एकच आलं होतं. तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवावेत असंही तिला वाटलं नाही. "म्हटलं, हे आमचं झाड आहे."

कास्टनर झाडाकडे आणि पोरांकडे आळीपाळीनं बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर बैठकीतलं वाक्य आणि बियरची पिंपं यांची ओढाताण स्पष्ट दिसत होती. वसुधा इथली म्हटली तर झाड वाचत होतं. नाही म्हटली तर सगळं गाव निडरबाखपुढं खाली मान घालणार होतं. वसुधानं ते ओळखलं. भली बाई असती तर तिनं त्यांना तेवढ्यावर सोडून दिलं असतं. वसुधा भली होती, पण एवढी नव्हे.

"आल्झो, हेर कास्टनर," ती म्हणाली, "हात ठेवू की काढू? मंगळवारी तुम्ही म्हणालात, मी इथली नाही. मग हा हात चालत नाही. मी काढते आणि घरी जाते. पण आज मी इथली असेन, तर एक तारखेलाही असेन. झाडापुरती इथली मला व्हायचं नाही."

बोलताना ती जितकी ठाम वाटत होती तितकी आतून नव्हती. ते 'काढा' म्हणाले असते तर तिनं खरंच हात काढला असता, आणि मग या कालव्याच्या काठी ती पुन्हा आली नसती. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कास्टनर खाली बसले. झाडाच्या पलीकडे, गवतातच. हातावरचं पीठ चोळत राहिले.

"माझे वडील बोहेमियातून आले," ते म्हणाले. "हे तुम्हाला माहीत आहे. सुडेटन गल्लीत तुम्ही पाहुण्यांना आमचं घर दाखवता, पण नाव घेत नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. हयातभर त्यांनी या गावाला पाव भाजून घातला. तरी त्यांना विचारायचे, मूळचे कुठले. शेवटी शेवटी त्यांनी उत्तर द्यायचंच सोडलं. मी लहान होतो. मी ठरवलं होतं, मी असा इथला होईन की मला कुणी विचारायचंच नाही. झालोही. आणि परवा मीच..."

त्यांनी आपला पिठानं माखलेला हात वसुधाच्या हातांशेजारी झाडावर ठेवला.

"हात ठेवा, फ्राऊ अगाशे. एक तारखेला गाव तुम्हीच दाखवायचं. मी पाहुण्यांत उभा राहून ऐकेन." मग ते पोरांकडे वळले आणि त्यांचा अध्यक्षाचा आवाज परत आला. "ऐकलंत? बाई इथल्या आहेत. झाड परत न्या. आणि ज्यांनी आणलं त्यांनीच न्यायचं, ही पण रीत आहे!"

ही रीत कास्टनरनी त्याच क्षणी बनवली असावी असा वसुधाला संशय आला, पण आपल्या बाजूच्या रीतीला कोण हरकत घेतं? निडरबाखच्या पोरांनी कुरकुरत झाड उचललं. उलट वाटेवर त्यांना गाडीतल्या गरम ब्रेझन वाटल्या गेल्या, तेव्हा कुरकूरही थांबली. स्टेशनावरचं दुकान त्या दिवशी उपाशी राहिलं.

लाल केसवाला ब्रेझन चावत वसुधाच्या बरोबरीनं चालत होता. "तुम्हाला रीत माहीत नव्हती," तो म्हणाला. "मग हात लावलात कशाला?"

"पाय लागला म्हणून," वसुधा म्हणाली. "आमच्यात पाय लागला की हात लावून माफी मागतात."

"झाडाची?"

"झाडाची, पुस्तकाची, माणसाची. ज्याला लागला त्याची."

त्यानं ब्रेझनचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "आम्हाला लागला तर आम्ही वर शिवी देतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

ही हकिगत ऐकून लेख्नरबाई इतक्या हसल्या की त्यांना गुडघा दाबून धरावा लागला. "इतकी वर्षं मी तुमचा हात धरून चालले," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आज अख्ख्या गावानं धरला म्हणायचा. आणि आता ते फ्राऊ लेख्नर पुरे. मला रेझी म्हण." मोहनला मात्र सगळ्यात जास्त गंमत भलत्याच गोष्टीची वाटली. "तू चोरांना खड्डा दाखवलास?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "हो, दाखवला," वसुधा म्हणाली. "चोर झाले म्हणून काय पडू द्यायचं?"

एक मेला सकाळीच ऊन पडलं. मायबाउम चौकात लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला होता, दुपारी उभा करायचा म्हणून. बँडवाले वाद्यं पुसत होते, करकोचा वरून सगळ्यांवर लक्ष ठेवून होता. लिंडनखालच्या बाकावर रेझीबाई काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. फेरीला पन्नासएक माणसं जमली होती, आणि त्यांच्यात मागच्या रांगेत, अगदी शाळकरी मुलासारखे, हेर कास्टनर उभे होते. त्यांच्याशेजारी मोहन आणि स्वराली.

वसुधानं सुरुवात कालव्यापासून केली. मग चिखलाच्या विटा आल्या, टिटवी आली. सुडेटन गल्लीपाशी तिनं कास्टनरकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि या वेळी तिनं नाव घेऊन सांगितलं की इथं एक माणूस हातगाडी घेऊन आला, आणि आज सकाळी तुम्ही खाल्लेला पाव त्यानं लावलेल्या भट्टीतला आहे. माणसं टाळ्या वाजवू लागली. कास्टनरनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

फिरून चौकात आल्यावर आउग्सबुर्गहून आलेल्या एक आजीबाई पुढं झाल्या. "फार छान सांगता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या?"

"इथली," वसुधा म्हणाली.

"हो, पण मूळच्या?"

मागं कास्टनर एकदम ताठ झाले. बाकावरची काठीही हलली. पण वसुधाला या वेळी काहीच काढून घेतल्यासारखं वाटलं नाही. कालवा तिच्यापाशीच होता, टिटवीही होती.

"मूळची पुण्याची," ती हसून म्हणाली. "तिथंही एक सांगण्यासारखी नदी आहे. पण ती फेरी पुन्हा कधीतरी. चला, आता चर्चकडे. मायबाउमच्या कडेनं या."

माणसं झाडाला वळसा घालून एकेक पुढं निघाली. गर्दीत स्वरालीचा पाय बुंध्याला लागला. ती थांबली. तिनं आईकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं, आणि पटकन वाकून झाडाला हात लावला, कपाळाला लावला. आउग्सबुर्गच्या आजीबाईंनी कुतूहलानं विचारलं, "हे काय गं, बाळ?"

स्वरालीनं खांदे उडवले.

"पाय लागला ना," ती जर्मनमध्ये म्हणाली. "इथं तशी पद्धत आहे."